उंबरठ्यावरचे मुख

आठवीपासून आम्हाला संस्कृत शिकवणाऱ्या बाई शब्द चालवून घेत, धातू पाठ करून घेत. पण पावसाळा सरला की त्या वर्गाला गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात नेत, आणि माझे खरे शिक्षण तिथे झाले असे मी आजही मानते.

देवळात शिरताना उंबरठ्यावर कोरलेला तो चेहरा आम्ही कायम ओलांडून जायचो. बटबटीत डोळे, बाहेर आलेले सुळे. आमच्या लेखी तो राक्षस. त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना दारातच थांबवले. "नीट बघा याच्याकडे, आणि याला काय काय नाही ते सांगा." कोणी म्हणाले खालचा जबडा नाही, कोणी म्हणाले हातपाय नाहीत, धडच नाही. मग पायरीवर बसून त्यांनी शिवपुराणातली कथा सांगितली.

जालंधर दैत्याने राहूला दूत करून शंकराकडे पाठवले. निरोप एकच, पार्वती मला दे. तो ऐकताच शंकराच्या भुवयांमधून एक सिंहमुखी, भुकेने वखवखलेला गण प्रकटला आणि राहूवर धावून गेला. राहू घाबरून शंकरालाच शरण आला. दूताला मारायचे नसते, म्हणून त्याला सोडून देण्याची आज्ञा झाली. गणाने विचारले, मग मी खाऊ काय? शंकर म्हणाले, स्वतःचेच मांस खा. त्याने हात खाल्ले, पाय खाल्ले, धडही संपवले. उरले फक्त मुख. प्रसन्न झालेल्या शंकराने त्याचे नाव कीर्तिमुख ठेवले, दारात जागा दिली आणि सांगितले, आधी याला न पूजता केलेली माझी पूजा व्यर्थ.

आमच्यातल्या एका मुलाने लगेच विचारले, "पण बाई, राहू तर आधीच नुसतं डोकं होता ना?"

बाईंचा चेहरा असा उजळला की तो मला अजून दिसतो. "मग दोन मस्तकं समोरासमोर आली की! आता सांगा, यातलं कुठलं कशामुळे उरलं?"

राहू वेष पालटून देवांच्या पंक्तीत बसला. अमृत घशाखाली उतरण्याआधीच सूर्यचंद्रांनी त्याला ओळखले, विष्णूचे चक्र सुटले आणि अमृत लागलेले तेवढे मस्तक अमर झाले. एक मस्तक चोरून घेतल्यामुळे उरले, दुसरे सगळे देऊन टाकल्यावर उरले. पुराणातल्या कथा एकमेकींना अशी उत्तरे देतात, हे मला त्या पायरीवर कळले, आणि तेव्हापासून मी कुठलीच कथा एकटी वाचलेली नाही.

पुढे बाईंनी किती प्राणी दाखवले! गंगेचे आणि वरुणाचे वाहन असलेला, मदनाच्या ध्वजावरही विराजणारा मकर, म्हणजे मगरीसारखा पौराणिक जलचर. नरसिंहाचा कोप शमवण्यासाठी शिवाने घेतलेले शरभाचे, म्हणजे सिंहालाही भारी पडणाऱ्या पौराणिक पशूचे रूप. आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाज्यांवरही शरभ कोरलेला सापडतो, आणि जंजिऱ्याच्या दरवाज्यावर हत्तींना पंजात धरलेला पशू पाहिला तेव्हा मला बाईच आठवल्या.

मला सर्वांत प्रिय मात्र नवगुंजर. पंधराव्या शतकात सारळा दासांनी रचलेल्या ओडिया महाभारतात तो येतो. कोंबड्याचे डोके, मोराची मान, बैलाचे वशिंड, सिंहाची कंबर, सापाचे शेपूट, अशा नऊ जीवांच्या अवयवांचा एक देह. अर्जुन बाण सोडणार, इतक्यात त्या देहाला माणसाचा हात दिसतो, आणि हा तर भगवंत, हे त्याला उमगते. बाई एवढे सांगून थांबत, आणि वर्ग सुटल्यावरही आम्ही त्या हाताबद्दल बोलत राहायचो.

लग्नात समुद्रमंथनातून निघालेल्या चौदा रत्नांची मंगलाष्टका सुरू झाली की मी अजूनही मनात एकेक रत्न मोजते. त्यात हलाहलही येते, तेही मंगल मागणाऱ्या श्लोकात. हे आमच्या लक्षात बाईंनीच आणून दिले होते.

सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या शाळेकडे माझी एक विनंती आहे. आताच्या मुलांनाही त्या देवळात न्या. देऊळ अजून तसेच आहे. कीर्तिमुखाची कथा सांगण्याआधी त्यांना चेहरा निरखू द्या, आणि राहूचा प्रश्न त्यांच्यातूनच येईपर्यंत थांबा.