तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाइल असताना हॅम रेडिओ कशाला?

निलंग्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार घेऊन आलेला शेतकरी असो, पाहुण्यारावळ्यांतलं कुणी असो की तहसीलमधला ओळखीचा कारकून असो, छपरावरची तार आणि टेबलावरचा संच दिसला की प्रश्न ठरलेला: "आता शेताच्या बांधावर फोर-जी येतंय, शाळेतल्या पोराच्या हातात मोबाइल आहे. मग हे हॅम रेडिओचं काय काम? आणि पैसे मिळत नाहीत तर करता कशाला?" गिऱ्हाईक उभं असताना दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून सविस्तर लिहितो. हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवाना काढून हौसेनं चालवलेला बिनतारी संच, आणि तो चालवणाऱ्यालाही हॅमच म्हणतात.

आधी मोबाइलबद्दल. मोबाइल हाही रेडिओच आहे, पण तुमचा फोन शेजारच्या खोलीतल्या फोनशीसुद्धा थेट बोलत नाही. तो टॉवरशी बोलतो, टॉवर फायबरनं किंवा तबकडीनं पुढच्या केंद्राशी बोलतो आणि तिथून फिरून कॉल परत येतो. लाइट गेली की टॉवर काही तास बॅटरीवर निघतो, मग डिझेल लागतं, आणि डिझेलची गाडी पुलावर पाणी आलं की अलीकडेच थांबते. फायबर पुष्कळ ठिकाणी रस्त्याच्या कडेनं, पुलाला धरून गेलेली असते. पूल खचला की तीही जाते. हे सगळं शाबूत राहिलं, तरी संकटात सगळा तालुका एकाच वेळी फोन लावतो आणि कुणाचाच लागत नाही.

हॅमच्या संचाला मधलं यातलं काहीच लागत नाही. ट्रॅक्टरची 12 व्होल्टची बॅटरी, संच, तार, आणि दुसऱ्या टोकाला तसाच संच घेऊन बसलेला माणूस. माझं सगळं म्हणणं या दुसऱ्या टोकाच्या माणसाबद्दल आहे. संच विकत मिळतो, पण तो माणूस संकटाच्या आधीपासून तिथं असावा लागतो.

किल्लारीचा भूकंप आमच्या भागात कुणाला सांगावा लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. 6.2 तीव्रतेचा धक्का, दगडमातीच्या जाड भिंतींची घरं, आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं जमीनदोस्त. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. माझी आत्या लामजन्याला दिलेली. आमचं घर हललं, भिंतीला भेग गेली, पण आम्ही सगळे ठीक होतो. तिच्याकडचं मात्र काही कळत नव्हतं. त्या काळी गावात फोन एखाद-दुसरा, तोही मेलेला. वडील मिळेल त्या वाहनानं निघून गेले. आत्या सुखरूप असल्याचा निरोप येईपर्यंत आजीनं पाणीसुद्धा घेतलं नाही. ती ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "लामजन्याकडून आलास का बाबा?" एवढंच विचारत होती.

त्या भूकंपात बाहेरच्या शहरांतून हॅम मंडळी संच घेऊन आली होती, हे मला फार नंतर कळलं. आपली कामंधामं टाकून, स्वतःच्या खर्चानं आलेली माणसं होती ती. त्यांच्याबद्दल मनात कायम आदर आहे. पण त्यांना यावं लागलं. रस्ता कापून, तार उभारून, गावांची नावं समजून घेऊन मग कामाला लागावं लागलं. आणि गाडलेल्या माणसाच्या दृष्टीनं पहिले काही तासच महत्त्वाचे असतात.

याच्या उलट उदाहरण अंदमानचं. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद या हॅम आणि त्यांचे सहकारी खास परवानगी काढून पोर्ट ब्लेअरला गेले होते. अंदमानातून बरीच वर्षं हॅम रेडिओ वाजलेला नव्हता, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्याशी संपर्क साधायला धडपडत होते. 26 डिसेंबरला भूकंप झाला, त्सुनामी आली, फोन गेले. त्यांचा संच तिथं होता, अँटेना उभी होती, चालवणारी माणसं तयारीची होती. आदल्या दिवसापर्यंत छंद म्हणून चाललेलं ते केंद्र त्या दिवसापासून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवू लागलं. ती मंडळी तिथं होती हा योग होता. मराठवाड्यानं योगावर का अवलंबून राहावं?

आता संच चालतो कसा ते थोडं सांगतो, कारण लोकांना वाटतं की महागडं यंत्र घेतलं की झालं. हॅममध्ये जवळच्या बोलण्यासाठी 2 मीटरचा बँड (फ्रिक्वेन्सींचा पट्टा; मीटर म्हणजे लहरीची लांबी), म्हणजे 144 ते 146 मेगाहर्ट्झ. हातात मावणारा 5 वॉटचा संच यावर चालतो. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. निलंगा-औशाच्या मोकळ्या माळावर गच्चीवर बरी अँटेना असली तर शेजारच्या मोठ्या गावापर्यंत आरामात पोच होते, पण बालाघाटच्या डोंगररांगा आडव्या आल्या की आवाज तुटतो.

लांब बोलायचं तर 40 मीटरचा बँड, 7 मेगाहर्ट्झच्या वरचा. त्यासाठी अँटेना म्हणून मी दुकानातलीच सबमर्सिबलची वायंडिंग वायर वापरतो. मध्यापासून दोन्हीकडं साधारण दहा-दहा मीटरचे दोन हात, मध्ये संचाकडं येणारी कोॲक्स केबल (टीव्हीच्या केबलसारखी), टोकांना नायलॉनची दोरी. दोऱ्या कडुनिंबाला किंवा खांबाला बांधायच्या. लोकांना वाटतं तार जितकी उंच तितकी चांगली. परदेशाशी बोलायचं तर खरंच तसं आहे. पण जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या कामाला तार मुद्दाम खाली, पुरुष-दीड पुरुष उंचीवर ठेवतात. मग लहरी सरळ वर जातात, आयनांबरावरून, म्हणजे आकाशात खूप वर असलेल्या विद्युतभारित थरावरून, परततात आणि कारंज्याच्या पाण्यासारख्या भोवताली तीन-चारशे किलोमीटरच्या टापूत पडतात. मधला डोंगर, दरी, नदी काही आडवं येत नाही. दुपारी या तारेवरून निलंग्यातून नांदेड, संभाजीनगर, हैदराबाद स्पष्ट ऐकू येतं.

रात्री गोष्ट बदलते. सूर्य गेला की वरचा थर विरळ होतो, 7 मेगाहर्ट्झच्या लहरी त्यातून आरपार निघून जातात आणि जवळचं स्टेशनच ऐकू येईनासं होतं. पहाटेपूर्वीचा काळ तर सगळ्यात वाईट. तेव्हा 80 मीटरच्या बँडवर उतरावं लागतं आणि त्याला दुप्पट लांबीची तार लागते. किल्लारीचा धक्का नेमका कोणत्या वेळी बसला होता ते वर लिहिलंच आहे. म्हणून दोन्ही तारा आधीच टांगलेल्या हव्यात, बॅटरी भरलेली हवी, आणि कोणत्या वेळी कुठं ऐकायचं हे एकमेकांत ठरलेलं हवं. अंधारात, पावसात, घाबरलेल्या माणसाकडून तार बांधून होत नाही.

तारेपेक्षाही अवघड आहे निरोप देणं. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर सराव करतो. एकदा कॉलेजातल्या एका नव्या मुलाला सांगितलं, समज तुझ्या गावाला पुराचा वेढा पडलाय, कळव. त्यानं माइक धरला आणि म्हणाला, "बोरगावला पाणी खूप वाढलंय, लोक अडकलेत, लवकर काहीतरी करा." तळमळ खरी होती, पण या निरोपावर बोट पाठवायची कुठं? बोरगावं किती! त्यात बुद्रुक वेगळं, खुर्द वेगळं, आणि कधीकधी दोघांच्या मधे नेमकी तीच नदी. बोट चुकीच्या काठाला लागली की तास गेला.

मग त्याच्याकडून निरोप लिहून घेतला. गाव, बुद्रुक की खुर्द, तालुका. कुठं अडकलेत: शाळेच्या गच्चीवर. किती: तेवीस. त्यात गरोदर बाई एक, चालता न येणारी दोन. पाणी कुठवर आणि वाढतंय की उतरतंय. काय हवं. किती वाजता पाहिलं. कुणी पाहिलं. आकडा दोनदा सांगायचा, आधी "दोन-तीन" आणि मग "तेवीस", कारण खरखरीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच ऐकू येतात. गावाचं नाव कळेना तर बालवाडीसारखं फोडायचं, ब बदकाचा, र रथाचा. ऐकणाऱ्यानं अख्खा निरोप परत वाचून दाखवायचा, आणि तो जुळला तरच पोचला म्हणायचं. वहीत वेळ, स्टेशन, फ्रिक्वेन्सी लिहायची. एका वेळी एकच बोलणार आणि कुणी बोलायचं ते नेट कंट्रोल, म्हणजे सगळ्यांचं बोलणं सांभाळणारं एक स्टेशन, ठरवणार. दुसऱ्याचा निरोप आपल्यापेक्षा तातडीचा असेल तर आपण गप्प बसायचं, हे शिकायला सगळ्यात जास्त दिवस लागतात.

मध्यंतरी एका पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं आणि कॉलेजच्या मुलांनी भरलेली एसटी पलीकडच्या गावातच थांबली. चालकानं शहाणपण केलं, पाण्यात गाडी घातली नाही. मुलं मारुतीच्या सभामंडपात नेली, गावकऱ्यांनी पिठलं-भाकरी केली. सगळं ठीक होतं, फक्त टॉवर बंद होता आणि इकडं स्टँडवर आईबाप रडकुंडीला आले होते. त्या गावात खताचं दुकान चालवणारा आमचा एक परवानाधारक मित्र आहे. त्यानं 2 मीटरवर हाक दिली. मी आधी तहसीलच्या नियंत्रण कक्षाला कळवलं, मग मोटारींच्या नोंदीच्या वहीत एकेक नाव उतरवून घेतलं. दोन सोनाली होत्या, म्हणून मग प्रत्येकाचं आडनाव आणि गावही घेतलं. माझा मुलगा ती यादी घेऊन स्टँडवर गेला आणि कंट्रोलरच्या खिडकीपाशी उभा राहून त्यानं ती मोठ्यानं वाचली. यात कुणाचा जीव वाचवला असं मी म्हणणार नाही. पण आमच्या कामात बहुतेक निरोप असेच असतात: अमुक माणूस तमुक ठिकाणी आहे, ठीक आहे. आजीला ओट्यावर बसून हवा होता तो हाच निरोप होता. पैसे का घेत नाही याचं कायद्यातलं उत्तर सोपं आहे, हौशी परवान्यावर मोबदला घेता येत नाही. माझं स्वतःचं उत्तर त्या वहीत आहे.

काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. हॅम म्हणजे बचाव पथक नाही. पोलिसांचा वायरलेस आहे, एनडीआरएफ आणि लष्कराकडे त्यांचे संच आहेत आणि ते आमच्यापेक्षा कितीतरी सक्षम आहेत. पण ते त्यांच्या माणसांत बोलतात. वेढा पडलेलं गाव, ग्रामीण रुग्णालय, निवारा केंद्र आणि तहसील यांच्यामध्ये जी पोकळी उरते तिथं आमचा उपयोग, तोही प्रशासनानं सांगितल्यावर, त्यांच्या शिस्तीत. स्वतःच्या मनानं बातम्या पसरवणारा हॅम मदतीपेक्षा अडचण जास्त करतो. आणि ऑनलाइन मिळतो म्हणून मागवलेला, हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर लावता येणारा वॉकीटॉकी परवान्याशिवाय वापरणं हा गुन्हा आहे. तो कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर लावून बोलणारा माणूस ऐन वेळी दुसऱ्याचा खरा निरोप दाबून टाकू शकतो.

परवाना काढणं आवाक्यातलं आहे. वय 12 वर्षांपुढे हवं. अर्ज केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर करायचा. परीक्षेत रेडिओचं प्राथमिक शास्त्र आणि नियम असे दोन भाग. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स कोडची (टिंब-रेघांच्या लिपीची) अट नाही, जनरलला मिनिटाला 8 शब्दांची आहे. बारावी सायन्सच्या मुलाला यात अवघड काही नाही. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनला तर नाहीच, त्याला ओहमचा नियम हातानं माहीत असतो.

मराठवाड्यात परवानाधारक आहेत, पण ते बहुतेक मोठ्या शहरांत. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा, भूम भागात सीना आणि तिच्या उपनद्यांनी गावंच्या गावं वेढली, हेलिकॉप्टरनं माणसं काढावी लागली. तेव्हा मी नकाशा पुढं घेऊन बसलो होतो आणि यातल्या कोणत्या गावात आपलं माणूस आहे हे बोटानं शोधत होतो. बोट फार ठिकाणी थांबलं नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. आपदा मित्र योजनेत पोहणं, दोर, प्रथमोपचार शिकलेली तरुण मंडळी तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांच्यातल्या दोघा-तिघांना तालुक्यागणिक हॅम परवाना मिळवून द्यावा. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात आमच्या फोन नंबरांच्या शेजारी फ्रिक्वेन्सी आणि ऐकण्याची वेळ लिहावी. 7.110 मेगाहर्ट्झ ही आपल्या आशिया-पॅसिफिक विभागासाठी आणीबाणीची म्हणून आंतरराष्ट्रीय पातळीवर सुचवलेली फ्रिक्वेन्सी आहे, तिथून सुरुवात करता येईल. आणि पावसाळ्याआधी एकदा तरी, मोबाइल मुद्दाम बंद ठेवून, प्रत्येक तालुक्यातून कलेक्टर कचेरीपर्यंत एक निरोप पोचवून बघावा. बुद्रुक-खुर्दासकट.

लोहारा, उमरगा, औसा, देवणी, परंडा, भूम, कुठलाही तालुका असो, कुणाला शिकायचं असेल तर रविवारी दुपारी दुकान बंद असतं आणि मी आत असतो. परीक्षेची पुस्तकं आहेत, सरावाला संच आहे. वायर घेऊन येऊ नका, ती माझ्याकडे भरपूर आहे.