सोन्याची सुरी आणि टायटॅनियमचा रेझर

दाढीच्या सामानावर पैसे घालवावेत असं आमच्या घराण्यात कधी कुणाला सुचलंच नाही. वडिलांच्या पिढीचा सरंजाम ठरलेला: तीन तुकड्यांचा सेफ्टी रेझर, गोल साबण, ॲल्युमिनियमची वाटी आणि तुरटीचा खडा. ब्लेड बोथट झालं तर काचेच्या पेल्याच्या आतून घासून त्यातून आणखी दोन दाढ्या काढायच्या. अशा घरातला माझा मावसभाऊ मध्यंतरी म्हणाला, "दादा, टायटॅनियमचा रेझर घेतोय. ग्रेड फाइव्ह." किंमत विचारली तर वीस हजारांच्या वर. मावशी आतून ओरडली, "सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरी घालून घेत नाही रे!"

मावशीचं बरोबर असलं तरी प्रश्न तिथे संपत नाही. सोन्याचे रेझर खरोखरच होते. जिलेटने 'ॲरिस्टोक्रॅट' नावाचे रेझर काढले, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा असे. पण मुलाम्याखाली असायचं पितळच. किंग कॅम्प जिलेटने १९०३ साली विक्री सुरू केली तेव्हा पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. किंमत पाच डॉलर, म्हणजे तेव्हाच्या कामगाराला पगाराकडे बघून सुस्कारा टाकायला लावणारी. ते जुने पितळी रेझर आजही लोकांच्या वापरात आहेत. वरची चांदी झिजून गेलेली असते, पण आजचं ब्लेड त्यात नीट बसतं आणि दाढी होते. एरवी पितळ उघडं पडलं की माणसाची पंचाईत होते. रेझरचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते जस्ताचं. दोन-तीन हजारांना मिळणारे चकचकीत रेझर, त्यात नावाजलेल्या जर्मन कंपन्यांचेही आले, बहुतेक झमाकचे असतात. झमाक म्हणजे जस्त, त्यात चारेक टक्के ॲल्युमिनियम, जरासं तांबं आणि चिमूटभर मॅग्नेशियम. हे मिश्रण ३८० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे पोलादी साच्यात दाबाने ओतून भराभर नग काढता येतात. स्वस्ताईचं कारण तेवढंच. वरून क्रोमचा मुलामा चढवला की स्टीलपासून वेगळं ओळखू येत नाही, आणि दाढीही झकास होते, त्याबद्दल वाद नाही. फक्त आट्यांपाशी किंवा कडेला मुलामा उडाला, की ओल जस्तापर्यंत पोचते. मग पांढरी पूड दिसते, फोड येतात. शिवाय वरच्या टोपीला जो आटेवाला दांडा असतो, तो एखाद्या दिवशी जास्त आवळला तर मोडून हातात येतो. जस्ताला पितळेचा चिवटपणा नाही.

स्टीलवाले इथेच पुढे सरसावतात. चांगल्या रेझरला ३१६एल जातीचं स्टेनलेस वापरतात. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम, दहाच्या पुढे निकेल आणि दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. हे मॉलिब्डेनम मिठाशी झुंजण्यासाठी. खाऱ्या हवेत साध्या स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात, ते या जातीत कमी पडतात. रत्नागिरीला समुद्राजवळ राहणाऱ्याने न्हाणीघरातल्या नळाची, कडीकोयंड्याची काय गत होते ते पाहिलेलं असतं. त्याने स्टीलचा रेझर घेतला तर मी त्याला उधळ्या म्हणणार नाही. मुलामाच नाही, तर उडणार काय?

टायटॅनियमबद्दल मी भोसरीला सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कापणारं यंत्र, चालवणाऱ्या एका मित्राला विचारलं. तो हसलाच. "इन्सर्ट खाणारं काम आहे ते," म्हणाला. इन्सर्ट म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेला, कापणारा बदलता तुकडा. टायटॅनियममधून उष्णता लवकर वाहून जात नाही. पितळेच्या मानाने तिचं वहन पंधरा-सोळा पटींनी कमी. त्यामुळे कापताना तयार झालेली उष्णता जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, पसरत नाही, टूलच्या टोकाशीच साचते. मग स्पीड कमी ठेवा, कूलंटचा पाट सोडा, तरी इन्सर्ट झिजतात ते झिजतातच. "जॉबला पितळेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि मशीनच्या तासाचं बिल तर तुम्हालाच भरायचंय." म्हणजे वीस हजारांत धातू कमी आणि त्याच्याशी केलेली झटापट जास्त. ती झटापट खरी आहे, कुणाच्या तरी हातची आहे, पण गालाला ती कळत नाही.

मग गालाला कळतं काय? वजन कळतं. समजा स्टीलचा एखादा रेझर ११० ग्रॅमचा आहे. तोच आकार पितळेत ११७ ग्रॅमच्या आसपास जाईल, झमाकमध्ये नव्वदच्या, टायटॅनियममध्ये साठच्या आणि ॲल्युमिनियममध्ये ३७ ग्रॅमच्या. आता गंमत बघा. स्टीलचा रेझर विकणारा सांगतो, जड असल्यामुळे दाबावं लागत नाही, रेझर आपल्याच वजनाने चालतो. टायटॅनियमचा विकणारा सांगतो, हलका असल्यामुळे त्वचेची जाण हाताला येते. दोघेही खरं बोलतात. पण हलकेपणाच हवा असेल तर ॲल्युमिनियमचा रेझर त्याहून हलका असतो आणि पैसे अगदीच कमी पडतात. यावर मावसभाऊ म्हणाला, "ॲल्युमिनियम चीप वाटतं." हे उत्तर प्रामाणिक होतं, म्हणून मी पुढे वाद घातला नाही.

थंडीच्या दिवसांत पितळेची एक मजा आहे. गरम पाण्याच्या मगात बुडवलेला पितळी रेझर चटकन तापतो आणि ती ऊब गालापर्यंत आणतो. हा सगळा हिशेब बाजूला ठेवून फक्त सुखाचा विचार केला तर माझं मत पितळेलाच.

दाढी प्रत्यक्षात करतं ते ब्लेड, एक दशांश मिलिमीटर जाडीचं. रेझरने ते नीट धरायचं, ठरावीक कोनात वाकवायचं आणि हवं तेवढंच बाहेर काढायचं. डोक्याची घडण चुकली, तर ते डोकं टायटॅनियमचं असलं तरी मानेवर लाल पुरळ येणारच. मशीनवर कोरलेल्या रेझरमध्ये पातं दोन्ही बाजूंनी सारखं बसतं, धारेजवळ पक्कं धरलं जातं आणि थरथरत नाही. महागड्या रेझरने दाढी खरंच बरी झाल्याचं कुणी सांगतो तेव्हा त्यामागे बहुधा हेच असतं. ही करामत कोरणाऱ्याची. ॲल्युमिनियमवरही तितकीच साधता येते, आणि सोपी.

आणि त्या पात्याचा वैरी कोण, तर आपलाच केस. अमेरिकेतल्या एमआयटीत (पुण्याच्या नव्हे) याचा अभ्यास झाला आणि तो २०२० साली 'सायन्स'मध्ये छापून आला. केस पोलादापेक्षा जवळजवळ पन्नास पटींनी मऊ, तरी तो ठरावीक कोनात वाकला आणि पात्याच्या कडेला एखादी कमकुवत जागा सापडली, की तिथला टवका उडतो. धार बोथट होते ती अशी. दांडा कशाचा आहे याच्याशी पात्याला काही देणंघेणं नाही. चार-पाच रुपयांचं पातं वेळेवर बदललं तर साध्या रेझरचीही दाढी छान होते. पेल्यात घासून पुरवलेलं पातं वीस हजारांच्या रेझरमध्येही ओरबाडणारच.

एमआयटीचं आणि दाढीचं नातं तसं जुनं आहे. जिलेटच्या डोक्यातलं पातळ पातं यंत्रावर उतरवणारा विल्यम निकरसन तिथेच शिकलेला. पुढे भारतासाठी नवा रेझर काढायचा ठरला तेव्हा कंपनीने तो तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांकडून वापरून पाहिला. त्यांनी वाहत्या नळाखाली दाढ्या केल्या, पसंती कळवली. इथे मात्र लोक पेलाभर पाणी घेऊन जमिनीवर बसून दाढी करत होते आणि त्या रेझरमध्ये केस अडकून बसत होते. मग मंडळी इथल्या घरांत येऊन बसली, माणसं दाढी कशी करतात ते पाहिलं, आणि २०१० साली 'गार्ड' निघाला. प्लास्टिकचा दांडा, एकच पातं, तेव्हा रेझर पंधरा रुपये, पात्याचं काडतूस पाच रुपये. त्यात मौल्यवान धातू औषधालाही नाही, पण इतकं डोकं चालवलेला दाढीचा रेझर मला दुसरा माहीत नाही.

तर हिशेब विचाराल तर असा. जस्त सोडून पितळेवर किंवा स्टीलवर जाण्यासाठी मोजलेले पैसे वसूल होतात, कारण पुन्हा घ्यावा लागत नाही. स्टील सोडून टायटॅनियमवर जाण्यासाठी मोजलेले पैसे ही हौस आहे, आणि हौसेला मोल नसतं हे कबूल.

अपवाद एकच, आणि तो मावशीलाही पटावा. काहींच्या कातडीला निकेल सोसत नाही. पट्ट्याच्या बक्कलाने, खोट्या दागिन्याने त्यांना खाज सुटते. ३१६एल स्टीलमध्ये निकेल आहे, जरी त्यातून ते फार थोडं सुटतं. माझ्या लाडक्या पितळेवर क्रोमच्या खाली बहुतेकदा निकेलचाच थर असतो, तो उघडा पडला की खाज आलीच. ग्रेड फाइव्ह म्हणजे टायटॅनियम, सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम, त्यात निकेल नाही. अशा माणसाने वीस हजार मोजले तर मी गप्प बसेन. पात्याची चिंता त्याला नको. त्याचं पोलाद तेरा टक्के क्रोमियमचं, निकेल त्यात जवळजवळ नसतंच, त्यामुळे तेच चार-पाच रुपयांचं पातं त्यालाही चालतं.