पाहुण्यांना आम्ही पढवून आणतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दुपारच्या टॉक शोची प्रोड्यूसर आहे म्हटलं की हमखास दोन प्रश्न येतात. पहिला, अँकर प्रत्यक्षात कशी आहे? त्याचं उत्तर मी नोकरी सोडल्यावर देईन. दुसरा, ते पाहुणे खरंच रडतात की तुम्ही पढवून आणता?

पढवत नाही. पण पाहुणा साधारण काय बोलणार हे मला आधीच ठाऊक असतं, आणि ते ठाऊक करून घेण्याचाच मला पगार मिळतो. शूटिंगच्या आधी फोनवर निवांत बोलणं होतं. आम्ही त्याला प्री-इंटरव्ह्यू म्हणतो. समजा, कर्जाच्या विळख्यातून सुटलेल्या एक बाई आहेत. रकमा, हप्ते, नोटिसा सगळं घडाघडा सांगतात आणि ओघात म्हणून जातात, "मुलाला मात्र शेवटपर्यंत कळू दिलं नाही." मी वहीत खूण करते आणि मुद्दाम विषय बदलते. तिथेच खोदत बसले तर त्या सगळं मलाच सांगून मोकळ्या होतील आणि कॅमेऱ्यासमोर नुसती उजळणी उरेल. फोन ठेवण्याआधी मात्र स्पष्ट विचारते, मुलाचा विषय निघाला तर चालेल ना? नाही म्हणाल्या तर विषय तिथेच संपला. हो म्हणाल्या तर अँकरच्या कार्डावर एवढंच जातं: "घरात कुणाकुणाला माहीत होतं?" त्यानंतर स्टुडिओत जे होतं ते खरं असतं. मी तेव्हा कंट्रोल रूममध्ये असते आणि बाई बोलता बोलता अडल्या की अँकरच्या कानात एकच शब्द टाकते, "थांब." शांतता पडली की ती भरून काढायची घाई भल्याभल्या अँकरना होते.

परवानगीचं एवढं काय, असं नवीन मुलं विचारतात. त्यांना मी १९९५ सालची गोष्ट सांगते. अमेरिकेत जेनी जोन्सच्या शोमध्ये एका तरुणाला 'तुमच्यावर गुपचूप प्रेम करणारं कुणीतरी' भेटवण्यासाठी बोलावलं होतं. समोर आला त्याच्या ओळखीचा एक पुरुष. तीन दिवसांनी त्या तरुणानं त्याचा खून केला. भाग प्रसारित झालाच नाही, पण प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं चाललं. ब्रिटनमध्ये जेरेमी काइलचा शो २०१९ मध्ये एका पाहुण्याच्या मृत्यूनंतर कायमचा बंद झाला. २०२१ पासून तिथल्या ऑफकॉमच्या, म्हणजे प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमांत पाहुण्यांची काळजी घेणं वाहिन्यांवर बंधनकारक आहे. म्हणून भाग दाखवला गेला की दुसऱ्या दिवशी मी पाहुण्याला फोन करतेच. बऱ्याचदा तक्रार साडीच्या रंगाची असते, ती ऐकून घेते.

बेभरवशाचे असतात ते समोर बसलेले प्रेक्षक. १९६७ मध्ये फिल डोनाह्यू यांनी ओहायोतल्या डेटनला शो सुरू केला आणि माइक घेऊन सरळ प्रेक्षकांत शिरले. कार्यक्रम त्यामुळे जिवंत झाला हे खरं, पण शंभर माणसांचा प्री-इंटरव्ह्यू घेता येत नाही! कोण माइक हातात आला की भाषण ठोकणार, हे फ्लोअर मॅनेजर चेहऱ्यावरून ओळखतो. कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

या कामात यायचं असेल तर सुरुवात रिसर्चर म्हणून होते. पाहुणे शोधायचे, फोन करायचे, नकार ऐकायचे, ऐनवेळी कुणी टांग दिली तर उभा करायला दुसरा पाहुणा तयार ठेवायचा. डिग्रीपेक्षा मला उमेदवाराचा कान महत्त्वाचा वाटतो. मी त्यांना एक जुना भाग दाखवते आणि विचारते, यातला कुठला प्रश्न तू गाळला असतास? गेल्या वेळी एकीनं मीच लिहिलेला प्रश्न दाखवला. सोमवारपासून ती आमच्याकडे रुजू होतेय.