धोलावीऱ्याला नेण्यासाठी गाडी
थंडीत आईबाबांना बडोद्याहून कच्छमधल्या धोलावीऱ्याला, तिथले हडप्पाकालीन नगर पाहायला, नेण्याचे ठरले असल्यामुळे आज भाड्याच्या कॅम्पर गाड्या, म्हणजे आत झोपण्याची सोय असलेल्या गाड्या, प्रत्यक्ष पाहून आलो. मोठी मोटरहोम ऐसपैस होती, परंतु दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत ती वळणार नाही. शिवाय हलक्या वाहनाच्या परवान्यावर एकूण ७५०० किलोपर्यंतचेच वाहन चालवता येते. कारमागे ओढायचा कॅरॅव्हॅन मुक्कामी सुटा करता येतो, ही मोठी सोय. मात्र तो मागे घेण्याचा सराव हवा.

मनात भरली ती टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली उंच छपराची गाडी. आई आत चढली, ओट्यापाशी ताठ उभी राहिली आणि हात वर करून छताला लागतो का, ते तिने पाहिले. बाबांनी बाक ओढून त्याचा पलंग केला. वयस्कर माणसांना रात्री वाकत शौचालयापर्यंत जावे लागू नये, हा माझ्या दृष्टीने पहिला निकष आहे. दिवे आणि पंखे वेगळ्या बॅटरीवर चालत असल्यामुळे इंजिन सुरू करणारी बॅटरी उतरत नाही, आणि थंडीत कच्छच्या रणाकडे रात्री एसी लागतही नाही. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाडीला काळ्या नंबरपाटीवर पिवळे अक्षर असते. तेही तपासले, मगच आगाऊ रक्कम दिली.