केळीवर करप्याचं औषध मारताना अंगाला होणारी खाज : माझा अनुभव

चोपडा तालुक्यात आमची केळी आहे, आणि केळी म्हटली की पावसाळ्यापासून थंडीपर्यंत करपा हा पानांचा बुरशीचा रोग आलाच, म्हणजे मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची फवारणी आलीच. केळीचं पान डोक्याच्या वर, त्यामुळे पंप मारला की औषधाचे थेंब परत मानेवर नि तोंडावर पडतात, त्यात स्टिकर (औषध पानाला चिकटून राहावं म्हणून मिसळतात ते) टाकलेलं असतं, ते अंगालाही चिकटून बसतं. फुल बाही, टोपी, तोंडाला रुमाल सगळं असूनही मला मानेला आणि कोपराच्या आतल्या बाजूला लाल चट्टे यायला लागले, सकाळी उठलो की पापण्या सुजलेल्या. फवारणी केली त्या दिवशी काहीच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू, म्हणून औषधावर कोणाचा संशयच जाईना. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, लावली की बसायचं, बंद केली की परत. एका दवाखान्यात खरूज सांगितली, घरात बाकी कोणालाच खाज नव्हती तरी सगळ्यांना औषध लावायला लावलं, याचा मला अजून राग येतो.

शेवटी जळगावला स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो आणि सोबत फवारणीच्या औषधाची रिकामी पुडी नेली, तीच सगळ्यात कामाला आली. त्यांनी आधी विचारलं, उन्हाळ्यात फवारणी बंद असते तेव्हा त्रास असतो का? नसतो. मग पॅच टेस्ट केली. व्हॅसलिनसारख्या मलमात अगदी थोडं थोडं रसायन मिसळून पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तास ठेवायच्या, पाणी लागू द्यायचं नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. पट्टी काढल्यावर एकदा बघतात आणि एक-दोन दिवसांनी परत, कारण ही ॲलर्जी उशिरा उठते. माझ्या मॅन्कोझेबच्या जागी लाल होऊन बारीक पुरळ आलं होतं. हे घरी पावडर लावून बघायचं काम नाही बरं का, कातडी जळू शकते.

मी म्हटलं, डॉक्टर, पुडीवर विषारीपणा दाखवणारा लाल त्रिकोण नाही, पिवळा पण नाही, मग हे कसं काय? तर ते म्हणाले त्रिकोणाचा रंग एवढंच सांगतो की एकदम पोटात किंवा कातडीतून गेलं तर किती विषारी, वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगावर पडून ॲलर्जी होईल का ते त्यावरून कळत नाही. अजून एक सांगितलं, मॅन्कोझेबपासून ईटीयू नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो थायरॉइडच्या कामात अडथळा आणतो, म्हणून माझी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पण करून घेतली, ती नॉर्मल आली. युरोपात २०२० मध्ये मॅन्कोझेबची परवानगी पुढे वाढवलीच नाही. आपल्याकडे त्याच वर्षी सरकारने फवारणीची २७ औषधं बंद करायचा मसुदा काढला होता, त्यात हे होतं, पण दुकानात अजून मिळतं.

आता टाकीत पावडर कालवायचं आणि मारायचं काम माझ्याकडे नाही. हातमोजे पण साधे रबरी नको म्हणाले, रबर बनवताना याच जातीची रसायनं वापरतात, विचारून घ्या. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवत नाही. पण करप्याची पानं कापायला मला जावंच लागतं आणि सुकलेलं औषध पानावर तसंच असतं, म्हणून फवारणीनंतरचे पहिले काही दिवस त्या ओळीत मी शिरत नाही, आधी वरचं शेत उरकतो.