नाकेबंदी कोणी केली? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, तुम्ही तेव्हा तिथेच होतात ना? मग खरं सांगा, नाकेबंदी केली कोणी? भारताने की मधेशींनी?"

कराडला कुणाच्या लग्नाला गेले की जेवणाच्या पंगतीत नेपाळच्या २०१५ च्या नाकेबंदीबद्दलचा हा प्रश्न येतो. मधेशी म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट पट्टीतली, तराईतली माणसं. पुण्यातल्या कॉलेजच्या ग्रुपवर दर वर्षी कुणीतरी तो उकरून काढतं. काठमांडूत, जिथे मी लग्न करून आले आणि अजूनही राहते, तिथे तर विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. कराडला 'मधेशींनी' असं ऐकायचं असतं, काठमांडूत 'तुमच्या भारताने' असं. मी सांगायला सुरुवात करते आणि दुसऱ्या वाक्याला समोरच्याचं लक्ष उडतं. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते आहे. ज्याला वाचायचं त्याने शेवटपर्यंत वाचावं.

२० सप्टेंबर २०१५ ला नेपाळची नवी राज्यघटना जाहीर झाली, चारेक दिवसांत भारतातलं रक्सौल आणि नेपाळातलं वीरगंज यांमधला नाका बंद पडला आणि थेट फेब्रुवारीत उघडला, एवढं विचारणाऱ्यांना माहीत असतं. मी कुठे होते तेवढं सांगते. माझा नवरा वीरगंजचा, सासरी भोजपुरी बोलतात. आमची ओळख पुण्यात इंजिनियरिंगला झाली. मी वीज पारेषणाच्या क्षेत्रात काम करते. २०१५ साली आम्ही काठमांडूत, कोटेश्वरला भाड्याने राहत होतो.

आता उत्तर. रक्सौल-वीरगंजच्या मितेरी पुलावर, दोन देशांच्या मधल्या जागेत, तंबू ठोकून बसले होते ते मधेशी होते. त्यांना दिल्लीने पाठवलं नव्हतं. माझा चुलत दीर त्यांच्यात होता, आणि त्याला कुणी पाठवण्याची गरज नव्हती. ऑगस्टपासून तराईत गोळीबार चालू होता. सप्टेंबर संपेपर्यंत चाळीसहून जास्त माणसं मेली होती. त्यांत पश्चिम तराईतल्या टीकापूरला जमावाने मारलेले पोलीस होते, एक लहानगं मूलही होतं. तेही मी लपवणार नाही. पण बाकीचे बहुतेक पोलिसांच्या गोळीने गेले. तराईत देशाची निम्मी लोकसंख्या राहते. मतदारसंघ लोकसंख्येवर आखा, प्रांतांच्या सीमा आमचे तुकडे करून काढू नका, सरकारी नोकऱ्यांत आमचा वाटा द्या, नागरिकत्वात आमच्या बायकामुलांना दुय्यम ठेवू नका, या मागण्या होत्या. २००७ आणि २००८ च्या आंदोलनांनंतर करार झाले होते, सह्या झाल्या होत्या. घटना आली तेव्हा त्यातलं बरंच विरून गेलेलं होतं.

म्हणजे मधेशींनी केली? थांबा. जिथे पुलावर कुणी बसलेलं नव्हतं अशा नाक्यांवरूनही पेट्रोल, डिझेल, गॅस नेहमीसारखा येत नव्हता. नेपाळला इंधन विकणारी कंपनी एकच, इंडियन ऑइल, आणि हे १९७० च्या दशकापासून असंच चालत आलेलं. घटना जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी भारताचे परराष्ट्र सचिव काठमांडूत येऊन 'थोडं थांबा' सांगून गेले होते. ते ऐकलं गेलं नाही. मग दिल्लीने सांगितलं की अशांततेमुळे ट्रकचालक जायला घाबरतात. वीरगंजपुरतं मला ते पटतं. बाकी नाक्यांवर चालक कशाला घाबरत होते, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. कराडच्या मंडळींना मी हे सांगते तेव्हा ते म्हणतात, "भूकंपात आपणच धावलो ना पहिले?" धावलो. एप्रिलमध्ये आपली विमानं आधी उतरली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय आणि आजही त्याबद्दल कृतज्ञ आहे. त्याच वर्षीच्या थंडीत त्याच माणसांकडे चूल पेटवायला काही नव्हतं, हेही मी डोळ्यांनीच पाहिलं.

त्या चुलीबद्दल सांगते, कारण माझं उत्तर तिथेच आहे.

आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही आमा म्हणायचो. पहाडी, म्हणजे डोंगराकडच्या लोकांचं घर, तीन मजले, आम्ही खालच्या मजल्यावर. भूकंपानंतर कित्येक रात्री आम्ही दोन्ही कुटुंबं मोकळ्या मैदानात एकाच ताडपत्रीखाली झोपलो होतो. माझी मुलगी आमांच्या कुशीत झोपायची, कारण धक्का बसला की त्या तिच्या कानात काहीतरी पुटपुटायच्या आणि ती शांत व्हायची. दशैंला, म्हणजे नेपाळच्या दसऱ्याला, माझ्या सासूबाई, माई, वीरगंजहून आल्या आणि बस बंद पडल्याने इथेच अडकल्या. दशैंनंतर लगेच आमांची सून बाळंत झाली.

थंडी पडायला लागली होती. बाळंतिणीला शेक हवा, गरम पाणी हवं, पातळ गरम अन्न हवं. सिलिंडर मिळाला तर अर्धा भरलेला, तोही रांगेत उभं राहून. इंडक्शन शेगड्या सगळ्यांनीच घेतल्या होत्या, त्यामुळे संध्याकाळी वस्तीतले ट्रान्सफॉर्मर जळायचे. आधीच लोडशेडिंग, त्यात ही भर. आमांनी गच्चीवर तीन विटांची चूल मांडली होती. जळण म्हणजे भूकंपात पडलेल्या घरांच्या चौकटी आणि वासे. जुन्या रंगाचा आणि तेलाचा तो धूर जिन्यातून खाली यायचा, बाळाच्या खोलीत शिरायचा.

२ नोव्हेंबरला पहाटे पोलिसांनी मितेरी पूल मोकळा केला. तंबू काढले, माणसं हुसकली. दिवस वर आला तशी दगडफेक, लाठ्या, गोळ्या. रक्सौलचा एक तरुण पोलिसांच्या गोळीने गेला. दिराचा फोन लागत नव्हता. आमच्याकडे नुकताच मिळालेला एक सिलिंडर होता. माई सकाळपासून एकच म्हणत होत्या, "वर बाळंतीण आहे, तिला दे." दुपारी नवऱ्याने सिलिंडर उचलला, माई पुढे, मी मागे, आणि आम्ही जिना चढलो.

आमा दारात आल्या. मागे टीव्हीवर वीरगंज दिसत होतं. त्यांनी सिलिंडरकडे पाहिलं, माईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दिदी, तुमची माणसं पूल सोडत नाहीत आणि तुम्ही मला गॅस देताय?"

माईंना नेपाळी बोलताना अडखळायला होतं. पण त्या वाक्याला त्या अडखळल्या नाहीत. "माझा जन्म वीरगंजचा. माझ्या सासऱ्यांचाही वीरगंजचा. माझी माणसं कोणती ते तुम्हीच सांगा."

"या लेकराने काय केलंय?" आमा म्हणाल्या. बाळ आत रडत होतं.

"आणि ज्यांची लेकरं पुलावर आहेत त्यांनी?"

मग कुणीच काही बोललं नाही. नवरा सिलिंडर खांद्यावर घेऊन तसाच उभा. मीही बोलले नाही. यावरून मला पुष्कळदा ऐकवलं गेलंय, की तू तरी बोलायचंस. काय बोलायचं होतं? त्या दारात मी एकटीच अशी होते जिच्या तोंडून निघालेला कुठलाही शब्द भारताचा ठरला असता. 'घ्या हो आमा' म्हटलं असतं तर भारत उपकार करतोय. 'माई खरं बोलतायत' म्हटलं असतं तर भारत चिथावतोय. मी जे केलं ते आजही तसंच करीन.

आम्ही सिलिंडर खाली आणला. संध्याकाळी दिराचा फोन लागला, डोक्याला टाके पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माईंनी त्याच गॅसवर मोठं पातेलं चढवलं, पाणी कढवलं आणि बादली माझ्या हातात दिली. मी दार वाजवलं. आमांनी दार उघडलं, बादली घेतली, माझ्याकडे न बघता दार लावलं. सिलिंडर घेतला नाही, गरम पाणी घेतलं. बाळंतिणीचा महिना होईपर्यंत हे चाललं. वसंतात आमांनी आम्हाला घर सोडायला सांगितलं, गावाकडून नातलग येणार आहेत म्हणाल्या. आम्ही का म्हणून विचारलं नाही.

तर नाकेबंदी कोणी केली? पुलावर बसण्याचं कारण काठमांडूने दिलं. बसले मधेशी. आणि इंधनाची झडप दिल्लीने आवळली. तिघांपैकी एकाचंही नाव गाळलं तर ते उत्तर खोटं आहे. पण तिघांना सारखं माप लावलं तरी ते खोटंच. झडप ज्याच्या हातात होती त्याच्याकडे बाकी दोघांकडे नव्हता असा पर्याय होता. विजेचंच बघा. त्या सगळ्या महिन्यांत भारतातून वीज तारांवरून येतच राहिली. ती थांबवायचं कुणाच्या मनात आलं नाही, मग गॅसबद्दल का आलं?

त्या वर्षी पुण्यातल्या मित्रांना मी मोठी पत्रं लिहिली होती. मागणी कितीही न्याय्य असो, स्वयंपाकघराचा आणि दवाखान्याचा गळा आवळून ती मागता येत नाही, असं त्यांत ठासून लिहिलंय. नोव्हेंबरअखेर युनिसेफने इशारा दिला होता की औषधं आणि इंधनाअभावी पाच वर्षांखालची तीस लाख मुलं धोक्यात आहेत. ते आकडे मी पत्रात उतरवून घेतले होते. आज ती पत्रं वाचताना मी ती लिहिणाऱ्या बाईशी भांडते. तिला विचारते, २३ जानेवारी २०१६ ला घटनेची पहिली दुरुस्ती झाली, मतदारसंघांना लोकसंख्येचा आधार मिळाला, प्रमाणशीर वाट्याची भाषा आली, ती पूल उघडा असता तर आली असती का? याआधी अर्ज, करार, मोर्चे सगळं करून झालं होतं. ती म्हणते, मग मधेशी पक्षांनी ती दुरुस्ती अपुरी म्हणून नाकारली का? प्रांतांच्या सीमा हलल्या का? आणि मोबदल्यात काय गेलं ते बघ. मार्चमध्ये तेव्हाचे पंतप्रधान ओली चीनला जाऊन पारवहनाचा, म्हणजे चीनमार्गे मालाची ने-आण करण्याचा, करार करून आले, पुढच्या निवडणुकीत राष्ट्राभिमानाच्या लाटेवर जिंकले, आणि त्यानंतर मधेशातून आलेली प्रत्येक मागणी दिल्लीची मागणी ठरली. माझ्या दिराने डोक्याला टाके घेतले ते कुणासाठी, हे त्याला आजही काठमांडूत सिद्ध करावं लागतं. या भांडणात कधी ती जिंकते, कधी मी.

आता दुसरा प्रश्न, जो हल्ली पहिल्याच्या पाठोपाठ येतो: "पण आता सगळं सुरळीत झालंय ना? तुमची वीज भारतात येते म्हणे."

येते. आणि मला त्याचा अभिमान आहे, कारण हे माझं काम आहे. नेपाळ आणि भारत जोडणारी ढल्केबर-मुजफ्फरपूर वीजवाहिनी पूल उघडल्यावर सुमारे दोन आठवड्यांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली. काठमांडूचं लोडशेडिंग संपलं त्याला या वाहिनीचाही हातभार आहे. २०१९ मध्ये मोतिहारी-अमलेखगंज तेलवाहिनी आली, ६९ किलोमीटरची. नोव्हेंबर २०२१ पासून आमची वीज भारताच्या बाजारात विकली जाते, सुरुवात ३९ मेगावॅटने झाली. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॅटचा करार झाला. जून २०२५ पासून भारताच्या तारांवरून ४० मेगावॅट बांगलादेशला जाते. पावसाळ्यात आम्ही विकतो, हिवाळ्यात नद्या आटल्या की विकत घेतो. यात दोघांचं भलं आहे, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगीन.

पण सुरळीत? ज्या वीजघरात चिनी गुंतवणूक किंवा चिनी ठेकेदार आहे त्याची वीज भारत घेत नाही. अपर तामाकोशी, ४५६ मेगावॅट, नेपाळी माणसांच्या भविष्य निर्वाह निधीतून, त्यांच्या घामाच्या पैशातून उभं राहिलं. बांधकामाचा ठेका चिनी कंपनीकडे होता म्हणून तिथल्या विजेला सीमा बंद. भारताची सुरक्षेची काळजी मला समजते. तरी झडप पुन्हा त्याच हातात आहे, एवढं तर दिसतंच.

आणि ढल्केबर कुठे आहे? धनुषा जिल्ह्यात, मधेशात. तारा जातात त्या मधेशी शेतकऱ्याच्या डोक्यावरून. जमीन त्याचीच राहते, पण तारांखाली घर बांधता येत नाही, आणि भरपाई मिळते ती जमिनीच्या किमतीचा एक लहानसा हिस्सा. माझं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली गेलं. मुंबई उजळली आणि कोयनेचे धरणग्रस्त पुनर्वसनासाठी अजून ठिय्या देऊन बसतात. त्यामुळे नकाशावर वाहिनीची रेघ ओढताना माझा हात थबकतो. रेघ ओढते मात्र.

नागरिकत्वाचं तर घरातच बघते. माझ्या मुलीला वडिलांमुळे वंशज नागरिकत्व मिळालं. माझी नणंद रक्सौलला दिली, नवरा भारतीय. नेपाळी आईच्या जोरावर तिच्या मुलांना तो हक्क मिळत नाही. मी स्वतः अंगीकृत, म्हणजे लग्नामुळे नागरिकत्व मिळालेली, म्हणून राष्ट्रपती, पंतप्रधान, सभामुख (संसदेचा सभापती) अशी पदं मला घटनेनेच बंद आहेत. २०२३ मध्ये नागरिकत्वाचा कायदा सुधारला, वंशाने नव्हे तर नेपाळात जन्मल्यामुळे नागरिक झालेल्यांच्या मुलांची वर्षानुवर्षांची अडचण सुटली. माझ्या नणंदेची सुटली नाही.

गेल्या छठला वीरगंजला गेलो तेव्हा दीर म्हणाला, "वहिनी, आमच्या मागण्या पुऱ्या होईपर्यंत तुमची नवी वाहिनी आम्ही शेतातून जाऊ दिली नाही तर?" मी म्हटलं, वाहिनी अडली तर हिवाळ्यात पहिला अंधार वीरगंजच्या कारखान्यांत होईल, तुझ्याच पोरांची कामं जातील. तो म्हणाला, "मग आमच्या हातात काय आहे ते सांगा." मी निवडणूक, प्रांत सरकार, न्यायालय असं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, प्रांत सरकार सोडलं तर हे सगळं २००८ मध्येही होतं. नवऱ्याचं म्हणणं दोघांहून वेगळं निघालं. भरपाई एकरकमी न देता वाहिनीच्या उत्पन्नात गावाला कायमचा वाटा द्यावा, मग शेतकरीच तिची राखण करेल, असं त्याला वाटतं. दिराला ते लाच वाटते. मला ते करून बघण्यासारखं वाटतं, पण मतदारसंघांच्या जागांचा आणि नागरिकत्वाचा प्रश्न त्याने सुटत नाही, हेही मला मान्य आहे.