सातवी पायरी

ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेला पूर आला तेव्हा मी निपाणीत नव्हतो, नदीकाठच्या गावात मावशीकडं होतो. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाणी चढायला लागलं की काठावरच्या पंपांच्या मोटरी सोडवून वर आणाव्या लागतात, आणि काकांची मोटर सोडवायला दरवेळी मीच जातो. दुपारी मोटर ट्रॉलीत घातली, म्हशी शाळेच्या टेकाडावर नेऊन बांधल्या. मावशीनं भाकरी खाऊन जा म्हणून थांबवलं. भाकरी होईपर्यंत गावाचा रस्ता गेला. तिकडं यमगर्णीजवळ तर महामार्गावरच पाणी आलं. अंधार पडला तेव्हा आम्ही सहाजण माडीवर होतो: मावशी, काका, वहिनी, तिचा चार वर्षांचा पोरगा, शेजारची आजी आणि मी.

माडीला एक खिडकी आणि एक जिना. खिडकीतून सगळा पूर दिसायचा, म्हणजे वीज चमकली की तेवढ्यापुरता. ऊस नाही, रस्ता नाही, देवळाचा कळस आणि लाईटचे खांब तेवढे. एवढं मोठं दृश्य, पण ते बघून नुसतं डोकं सुन्न व्हायचं. भीती वाटत होती ती जिन्याची. लाकडी जिना, अकरा पायऱ्यांचा. वरून बॅटरी मारली की खालच्या किती पायऱ्या पाण्यात गेल्या ते दिसायचं. दर अर्ध्या तासानं मी बॅटरी मारायचो आणि मागून मावशी विचारायची.

"किती झाल्या रं?"

"पाच."

"मघाशी चार हुत्या न्हवं?"

शेजारची आजी संकेश्वराकडची. ती माझ्या मागं बसून कानडीत मोजत होती. ऐदु. मग बराच वेळ काही नाही. मग आरु. खाली एक रिकामं पिंप तरंगत होतं, ते कठड्याला धप्प करून लागायचं, आणि पायरी बुडेल तसा तो धप्प थोडा वरून ऐकू यायचा. पहाटे चारच्या सुमाराला आजी म्हणाली, एळु. सातवी. वर चार उरल्या. वहिनीनं पातळाची घडी करून पोराला आपल्या पोटाशी बांधून घेतलं. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

पाणी सातवीवरच थांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नाव आली.

पुढचे दोन-तीन महिने दुकानात चिखलानं भरलेल्या मोटरींची रास होती. कॉईल भरताना वेढे मोजावे लागतात, तेव्हा दुसरीकडं लक्ष देता येत नाही. पण वार्निश सुकेपर्यंत मोकळा वेळ असतो. त्या वेळात मी मोबाईल काऊंटरवर टेकवून सिनेमे बघायचो, आणि का कोण जाणे, एकाच जागेत घडणारेच बघायला लागलो. बघता बघता माझं एक मत तयार झालं. दार बंद आहे एवढ्यानं असा सिनेमा चालत नाही. त्या खोलीत प्रेक्षकाला मोजता येईल अशी एखादी गोष्ट असावी लागते, आणि ती डोळ्यांदेखत कमी नाहीतर जास्त होत जावी लागते. आमच्या माडीवर पूर खिडकीत होता, पण थ्रिलर जिन्यात होता.

'१२ अँग्री मेन' घ्या. सिडनी ल्युमेटचा हा पहिलाच सिनेमा, १९५७ चा. आपल्याकडं बासू चटर्जींनी १९८६ मध्ये त्यावरूनच 'एक रुका हुआ फैसला' केला. ९६ मिनिटं, त्यातली मोजकी सोडली तर सगळी ज्युरींच्या, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या बारा साध्या नागरिकांच्या, खोलीत. एका पोरावर खुनाचा आरोप आहे, बाराजणांचं एकमत झाल्याशिवाय त्यांची खोलीतून सुटका नाही. पहिलं मतदान होतं: दोषी म्हणणारे ११, नाही म्हणणारा १. मग १०-२. मग ९-३. मारामारी नाही, पाठलाग नाही, आणि तरी हा आकडा एकनं हलला की माझ्या पोटात तसंच व्हायचं जसं आजी पुढचा आकडा उच्चारायची तेव्हा झालं होतं. वाद कशावरून चाललाय ते एखादं वाक्य निसटलं तरी आकडा निसटत नाही.

ल्युमेटनं खोलीसुद्धा पायरीपायरीनं बदललीय. सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या वर आहे, मधे नजरेच्या पातळीला येतो, शेवटच्या भागात नजरेच्या खाली जातो. त्यामुळं आधी न दिसलेलं छत शेवटी माणसांच्या डोक्यावर दिसायला लागतं. लेन्साही हळूहळू लांब पल्ल्याच्या होत जातात, त्यामुळं भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात. खोली तेवढीच आहे. बघणाऱ्याला हे कळत नाही, नुसता जीव कोंडायला लागतो. पहाटे मलाही माडीचं छत खाली आल्यासारखं वाटत होतं.

त्यातली आणखी एक गोष्ट माझ्या धंद्यातली, म्हणून जास्तच आवडली. खोलीत प्रचंड उकाडा आहे आणि भिंतीवरचा पंखा चालत नाही. एकजण सुरुवातीलाच बटण खटखटवून बघतो, नाद सोडतो. पुढं आभाळ भरून येतं, पाऊस सुरू होतो, अंधारतं म्हणून दिवे लावतात आणि पंखा फिरायला लागतो. दोन्ही एकाच बटणावर होते! मी वायरिंगवाला माणूस, तरी मला ते आधी सुचलं नाही. खोलीतली वस्तू पहिल्यांदा नुसती दाखवायची, विसरू द्यायची, आणि मग तिच्याकडून काम करून घ्यायचं. बाहेर जाऊन नवीन काही आणता येत नाही, तेव्हा आत आहे त्यातूनच सगळं निघायला हवं.

हिचकॉकचा 'रोप' १९४८ चा, ८० मिनिटांचा. दोन पोरं मित्राचा गळा आवळतात, प्रेत पेटीत ठेवतात आणि त्याच पेटीवर पाहुण्यांचं जेवण मांडतात. कॅमेऱ्यात एका वेळी साधारण दहा मिनिटांचीच फिल्म मावायची, म्हणून हिचकॉकनं दहा-दहा मिनिटांपर्यंत जाणारे लांबच लांब शॉट घेतले आणि बरेचसे जोड कुणाच्या तरी पाठीआड लपवले. याचं कौतुक सगळे करतात. मला विचाराल तर त्यातला सगळ्यात भारी प्रसंग कामवालीचा आहे. पाहुणे बाजूला कुठंतरी बोलत असतात, दिसत नाहीत. कॅमेरा पेटीवर. ती बाई येते, ताटं उचलून आत जाते. परत येते, आणखी काही उचलते. मग मेणबत्त्या. मग टेबलक्लॉथ. मग पुस्तकं घेऊन येते, कारण ती पेटीत ठेवायची असतात. प्रत्येक फेरीगणिक पेटीचं झाकण उघडायच्या जवळ येतं. ती बाई हिचकॉकची जिन्याची पायरी आहे.

आणि त्या सिनेमातल्या खिडकीमागचा उजेड! खिडकीबाहेर न्यूयॉर्कचा देखावा उभा केलाय, आणि गोष्ट पुढं जाईल तशी तिथं संध्याकाळ होते, मग रात्र, दूरच्या इमारतींत दिवे लागत जातात. सूर्यास्त जास्त नारिंगी वाटला म्हणून हिचकॉकनं शेवटची काही रिळं पुन्हा चित्रित केली. मी गेली अठरा वर्षं हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतोय. पाच मिनिटांत संध्याकाळ करा म्हणणारे दिग्दर्शक मला रोज भेटतात. उजेडाचा एक पट्टा बरोबर यावा म्हणून रिळंच्या रिळं पुन्हा करणारा माणूस मला देवासारखा वाटतो.

हिंदीत यश चोप्रांचा 'इत्तेफाक' (१९६९) आणि रामगोपाल वर्मांचा 'कौन' (१९९९). दोन्ही पावसाळी रात्रीचे, आणि दोन्हींत गाणी नाहीत. हे सोपं वाटतं, पण हिंदीत त्याला छाती लागते. गाणं आलं की माणसं खोलीबाहेर पडतात, आणि परत आल्यावर आपण कितव्या पायरीवर होतो ते आठवत नाही. 'कौन'मध्ये मोजायची गोष्ट एकदम साधी आहे: घरात माणसं किती? एक बाई. दारावरची बेल वाजते. दोन. मग तिसरा. आणि खरंच तेवढेच आहेत का? उर्मिला मातोंडकर एकटी स्वयंपाकघरात जाते तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवला होता.

माणूस बाहेर का जात नाही, याचं कारणही पक्कं हवं. ते लेचंपेचं असेल तर बघणारा पहिल्या वीस मिनिटांत उठून जातो. 'ट्रॅप्ड'मध्ये (२०१७) राजकुमार राव मुंबईतल्या एका रिकाम्या टॉवरच्या फ्लॅटमध्ये अडकतो आणि खालच्या म्हाताऱ्या वॉचमनला ऐकूच येत नाही. एवढं एक कारण पुरतं. आमच्याकडं मी पोहून जाऊ शकलो असतो का? कदाचित. पण आजीला पोहता येत नव्हतं.

मला राग येतो तो मधेच भूतकाळात जाणाऱ्यांचा. खोलीत प्राण कंठाशी आलेत आणि दिग्दर्शक आपल्याला नायकाच्या कॉलेजात घेऊन जातो. का? खोलीवर त्याचा स्वतःचाच विश्वास नसतो म्हणून. 'बरीड' (२०१०) बघा. रायन रेनॉल्ड्स दीड तास जमिनीखाली पेटीत आहे, आणि दिग्दर्शक कॅमेरा वर नेत नाही. त्याच्याकडं एक मोबाईल आहे आणि बॅटरी उतरत चाललीय. मी अर्धा सिनेमा ती बॅटरी बघत होतो.

मागच्या वर्षी आमच्या नाटकवाल्यांनी एक एकांकिका बसवली. तंबाखूच्या वखारीत रात्री अडकलेले दोन भाऊ, वाटणीचा वाद, एकाच्या कमरेला कोयता. निपाणीच्या माणसाला वखार सांगावी लागत नाही; पडदा उघडला आणि बोदांची, म्हणजे तंबाखूच्या पोत्यांची, थप्पी दिसली की लोकांना नाकात तो वास येतो. संवाद चांगले होते. तरी पहिल्या प्रयोगाला लोक चुळबुळ करत होते. लेखक म्हणाला, मधे एक किंकाळी टाकूया. मी म्हटलं, किंकाळी नको, मला छताला पाच बल्ब लावू द्या. उघडे, पिवळे, वायरीला लोंबणारे. वखारीचं वायरिंग जुनं, दर सहा-सात मिनिटांनी एक बल्ब जातो. त्यावर कुणी काही बोलायचं नाही. संवादात एक शब्द बदलायचा नाही.

दुसऱ्या प्रयोगाला पहिला बल्ब गेला तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. दुसरा गेला तेव्हा काही माना वर झाल्या. तिसरा गेला आणि हॉलमध्ये खोकलासुद्धा येईना. मी विंगेत डिमरवर हात ठेवून उभा होतो. धाकटा भाऊ कोयत्याकडं बघतही नव्हता, नुसता हिशेब बोलत होता, आणि तेवढ्यात अंधारातून कुठल्यातरी बाईचा आवाज आला, शेजारणीला सांगितल्यासारखा, पण सगळ्या हॉलला ऐकू गेलेला:

"आता दोनच ऱ्हायलेत बघ."

माझ्या अंगावर काटा आला. मावशीचाच आवाज वाटला मला.

पुढच्या महिन्यात चिकोडीला प्रयोग आहे. लेखकाला आता आठ बल्ब हवेत. मी पाचच लावणार आहे. शेवटच्या रांगेतून एका नजरेत पाचच मोजता येतात, मी स्वतः जाऊन बसून बघितलंय.